चाय, चहा आणि अकरा पक्षी



मागचा लेख उन्हाळी कामांचा होता. त्यावर तुमच्यापैकी तिघी-चौघींनी विचारलं, "काकू, व्हिएतनामला गेला होता ना? त्याबद्दल कधी लिहिणार?" खरं सांगायचं तर लिहायला बसले की हात थांबायचा. तिथे एक गोष्ट घडली आणि ती माझ्याच चुकीची आहे. पण दशलक्षण पर्व जवळ आलंय. ते सुरू होण्याआधी तुमच्याशी बोलावं असं मनाने घेतलं.

आमच्या चिरंजीवांची कंपनीने हो ची मिन्ह सिटीला दोन वर्षांसाठी बदली केली. २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघं तिथे तीन आठवडे राहून आलो. शहराचं नाव १९७६ मध्ये बदललं, पण तिथली माणसं बोलताना अजून सायगावच म्हणतात, जशी आपली जुनी माणसं अजून बॉम्बे म्हणतात. जाताना मी निम्मी बॅग खाण्यानेच भरली होती. मेतकूट, भडंग, ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, संक्रांतीच्या तिळाच्या वड्या आणि पाणी गाळायचं कापड. सूनबाई हसली. म्हणाली, "आई, इथे सगळं मिळतं." मी म्हटलं, "मिळतं गं, पण त्यात काय काय असतं ते कोण सांगणार?"

माझी भीती खोटी नव्हती. तिथे नुक माम नावाचं माशांचं पाणी असतं. मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं. आपण मीठ घालतो तसं ते पदार्थात पडतं. भाजी नुसती हिरवी दिसते म्हणून खायला जावं, तर परतताना त्यात हे घातलेलं. पहिले चार दिवस मी घराबाहेर पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही.

पाचव्या दिवशी गंमत झाली. आमचे हे सकाळी फिरायला गेले आणि चहाची तल्लफ आली. परदेशात "चाय" म्हटलं की कळतं अशी ह्यांची पक्की समजूत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "चाय? चाय?" त्या गृहस्थांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी ह्यांचा हात धरला, दोन गल्ल्या चालवत नेलं आणि एका गाडीसमोर उभं केलं. गाडीवर भात, पाच-सहा प्रकारच्या भाज्या, टोफू. चहाचा पत्ता नाही! हे हात हलवत परत आले. संध्याकाळी मुलाने उलगडा केला. व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहार. चहाला ते 'चा' म्हणतात. ह्यांनी चहा मागितला आणि त्या भल्या माणसाने ह्यांना शाकाहारी जेवणाच्या गाडीवर पोचवलं. ह्यांचा चहा हुकला, पण माझी तीन आठवड्यांची सोय झाली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः निघाले. पण मध्ये रस्ता होता. मैत्रिणींनो, तो रस्ता काय सांगू! दुचाक्यांचा नुसता पूर. एका स्कूटरवर चार माणसं, एकीवर मागे बांधलेलं अख्खं कपाट, एकीवर पिवळ्या फुलांचं झाड कुंडीसकट. त्यांचा टेट म्हणजे नववर्ष पंधरा-वीस दिवसांवर आलं होतं. १ जानेवारीपासून वाहतुकीचे दंड जबर वाढवलेत, त्यामुळे आता लोक सिग्नल तरी पाळतात असं मुलगा म्हणाला. पण आमच्या गल्लीसमोर सिग्नलच नव्हता. मी दहा मिनिटं तशीच उभी. दोनदा पाऊल टाकलं, दोनदा मागे घेतलं.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या, डोक्यावर ती शंकूसारखी टोपी, हातात भाजीची पिशवी. त्यांनी माझं कोपर धरलं आणि सरळ चालू लागल्या. धावल्या नाहीत, थांबल्या नाहीत. एकाच चालीने हळूहळू. दुचाक्या आमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या वळून जात होत्या. पलीकडे गेल्यावर त्यांनी बोटांनी मला दोन पावलं चालून दाखवली, मग एकदम मागे उडी मारायची खूण केली आणि मान जोरात हलवली. म्हणजे काय, तर पुढे टाकलेलं पाऊल मागे घेऊ नकोस, त्यानेच अपघात होतो. तुझी चाल समोरच्याला दिसू दे, तो आपोआप वाट देतो.

आपले मुनी महाराज चार हात जमीन बघत चालतात, ती ईर्या समिती. त्यात आपल्या पायाखालचा जीव वाचवायचा असतो. इथे चाल तशीच, फक्त वाचवायचा जीव माझा! मला उभ्या रस्त्यात हसू आलं.

गाडी एका गल्लीच्या तोंडाशी होती. गाडीवाली पन्नाशीची, कामसू, बारीक अंगाची. मुलाने मला त्यांच्या भाषेत एक कार्ड करून दिलं होतं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, नुक माम नाही, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा नाही, अळंबी नाही. तिने वाचायला सुरुवात केली. लसणापर्यंत ती "बरोबर, बरोबर" अशी मान डोलवत होती. तिच्या गाडीवर कांदा-लसूण नव्हताच. तिथले कडक चाय पाळणारे बौद्ध लोक कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्या खात नाहीत, त्याने मन चळतं म्हणून. हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण बटाटा, गाजर, मुळा आल्यावर तिची मान थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि फोनवर बोलून भाषांतर मला दाखवलं. "मग तुम्ही खाता काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला लग्नकार्यात काय कमी वेळा विचारतात? मी बोटांनी दाखवत गेले. घोसाळं, भेंडी, कारलं, टोफू आणि नाळीची भाजी. आपल्याकडे कोकणात मिळते ना, तीच तिथे घरोघर खातात. भाताबरोबर माशांच्या पाण्याऐवजी सोयाबीनचं पाणी. जमिनीखालचं का नाही, हे मात्र मला फोनवर नीट सांगता येईना. अनंतकाय जीव असं मी बोललो तर फोनने काय भाषांतर केलं कोण जाणे, ती खो खो हसली. मग मी एक कंद उपटायची खूण केली आणि बोटांनी मुंग्या, किडे दाखवले. ती गंभीर झाली. त्या दिवसापासून माझ्यासाठी तिने एक छोटी कढई वेगळी ठेवली. शेजारच्या गाडीवर डुकराचं मांस भाजायचे. वास यायचा, ते मी खोटं सांगणार नाही. पण तिची गाडी लखलखीत आणि कढई माझी.

तिने पहिल्याच दिवशी माझं वय विचारलं. मला जरा राग आला होता. नंतर कळलं की वय कळल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. त्यांच्या भाषेत 'तू', 'तुम्ही' असं नसतंच म्हणा ना, समोरच्याला नात्यानेच हाक मारायची. थोरली बहीण 'ची', धाकटं भावंड 'एम', आत्याच्या वयाची 'को', आजी 'बा'. माझं चौसष्ट ऐकून ती लगेच म्हणाली, मी ची आणि ती एम. आणि मी माहेरची थोरली हे कळल्यावर 'ची हाय'. हाय म्हणजे दोन! दक्षिण व्हिएतनाममध्ये पहिल्या अपत्याला दुसरा म्हणतात, एक नंबर कुणालाच देत नाहीत. बी.कॉम.ला असताना आमचे सर म्हणायचे, लेजरचं पहिलं पान कोरं सोडा. मला तेच आठवलं.

तिच्या प्रामाणिकपणाचीही एक गोष्ट सांगते. तिथल्या नोटांवर इतकी शून्यं की माझ्यासारखी हिशेबातली बाईही गोंधळते. त्यातून वीस हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. एका दुपारी घाईत मी वीस हजार म्हणून पाच लाखांची नोट तिच्या हातात ठेवून निघाले. म्हणजे सत्तर रुपयांच्या जागी सतराशे. मी रस्त्याच्या मध्यावर असताना मागून "ची हाय, ची हाय!" अशी हाक. ती गाडी सोडून त्या दुचाक्यांतून नोट उंच धरून येत होती. तिची दिवसाची कमाई किती असेल ते मला तोवर अंदाजाने कळलं होतं. ती नोट तिला जड नव्हती का? पण तिने माझ्या मुठीत कोंबली आणि वर मला रागे भरली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

माझी आई पौष पौर्णिमेला गेली. त्याला तेव्हा अकरा वर्षं होत होती. आमच्या माहेरी एक रीत. दशलक्षणात क्षमावाणीच्या दिवशी वडील पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडायचे. आम्ही भावंडं सांगलीच्या त्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर उभे राहून टाळ्या वाजवायचो. जीवदया म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्या गच्चीवर पाहिलं. आई गेल्यावर मी तिच्या तिथीला तेच सुरू केलं. जितकी वर्षं, तितके पक्षी. लपूनछपून आणून देणारा एक जण होता.

एमकडेही तिथी पाळतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक चाय खातात, आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारखं. एरवी मांसाहार करणारेही त्या दिवशी तिच्या गाडीवर रांग लावतात. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येशी सुरू होतो. आपल्या कॅलेंडरात पौर्णिमा सोमवारी, १३ तारखेला होती. त्यांची पंधरावी तिथी मंगळवारी, म्हणजे आपल्या संक्रांतीला. मी आईबद्दल सांगितलं तेव्हा एम म्हणाली, उद्या गर्दी ओसरली की माझ्याबरोबर चुआत चल. चुआ म्हणजे बौद्ध मंदिर.

मी तिच्यासाठी तिळाच्या वड्या नेल्या. तीळ त्यांनाही ओळखीचे. "गोड बोला" हे समजावल्यावर तिने शेजारच्या मांसाच्या गाडीवालीकडे बोट दाखवून डोळे मिचकावले. तिला द्यायला हवी म्हणे, ती फार कडू बोलते! दिलीही एक.

चुआच्या दारात फुलं, उदबत्त्या, फळं. आणि एका बाजूला लोखंडी जाळीचे पिंजरे. चिमणीएवढे तपकिरी पक्षी, एकावर एक दाटलेले. लोक विकत घेत होते, हात जोडून सोडत होते. मला तर आईनेच मला इथवर आणलं असं वाटलं. एम पुढे फळं घेत होती, तिला न विचारताच मी अकरा बोटं दाखवली, दहा आणि एक. दोन लाख डोंग दिले, पावणेसातशे रुपये. छोट्या पिंजऱ्यात अकरा पक्षी हातात आले. मी डोळे मिटून णमोकार म्हटला, आईला आठवलं आणि दार उघडलं.

दहा उडाले. अकरावा दारातून खाली पडला. पंख अर्धा उघडा, चोच उघडी. मी वाकायच्या आत एक सात-आठ वर्षांचा मुलगा आला. त्याने सवयीने तो पक्षी उचलला आणि मोठ्या पिंजऱ्यात परत टाकला. पुन्हा विकायला.

मी ओरडले. मराठीतच. एम धावत आली. पक्षीवाली घाबरली, तिला वाटलं मी पैसे परत मागतेय. ती माझ्याच वयाची, गुडघे धरून छोट्या स्टुलावर बसलेली. मी तो पक्षी परत मागितला, तो तिने दिला. मग मी एमला म्हटलं, हिला विचार, हे पक्षी येतात कुठून? तिने काही लपवलं नाही. शेतांतून, रात्री जाळं लावून, खोक्यांतून. वाटेत बरेच मरतात. मी म्हटलं, मग का आणता? फोनवर उत्तर उमटलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. "तुम्ही लोक मागता म्हणून."

मैत्रिणींनो, मी कॉमर्सची विद्यार्थिनी. मागणी तसा पुरवठा, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. तो मी कापडाला लावला, सोन्याला लावला, घरखर्चाला लावला. पक्ष्यांना चाळीस वर्षांत कधी लावला नाही. वडिलांचा तो पक्षीवाला क्षमावाणीच्या आधी बरोबर आठ दिवस यायचा. वडील त्याला आगाऊ पैसे द्यायचे. आगाऊ! ते पक्षी पकडलेले होते म्हणून आम्ही सोडवत नव्हतो. आम्ही सोडवणार होतो म्हणून ते पकडले जात होते. कृत, कारित, अनुमोदना, असे तिन्ही प्रकारे पाप लागतं हे आपण लहानपणापासून पाठ करतो. जाळं मी लावलं नाही, पण लावायला लावलं. आणि टाळ्या वाजवल्या, ती अनुमोदना. तीन रकाने, तिन्हींत माझं नाव.

आपल्याकडे तर जंगली पक्षी पकडणं आणि विकणं कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, मी दहा-अकरा वर्षांची असतानाचा. मी शिकलेली बाई, मला हे ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तो पक्षी मी घरी नेला. बुटाच्या खोक्यात मऊ कापड घातलं, ते माझं पाणी गाळायचंच कापड होतं. सूनबाईने थेंब थेंब पाणी पाजलं. रात्रभर मी खोक्याजवळ बसून णमोकार म्हणत होते. हे म्हणाले, "झोप थोडी." पण झोप येणार कशी? पहाटे तो गेला.

सकाळी गाडीवर गेले तर बोलता येईना. एमने फोन घेतला नाही. तिला कळलं. तिने भात वाढला नाही, आधी स्टुलावर बसवलं. बऱ्याच वेळाने फोनवर बोलली, ते असं. "माझी आईही सोडायची. मीही सोडायचे. एकदा मीही तसंच पाहिलं. आता त्या दिवशी मी हे करते." आणि तिने गाडीच्या कडेला बोट दाखवलं.

तिथे एक मोठा नळ बसवलेला पिंप होता आणि साखळीला बांधलेला पेला. मी तो रोज पाहत होते, तिच्या गिऱ्हाइकांसाठी असेल असं वाटायचं. तो फुकट थंड चहाचा पिंप होता. स्कूटर टॅक्सीवाले, लॉटरीची तिकिटं विकणारे म्हातारे, भंगार गोळा करणाऱ्या बाया थांबायच्या, प्यायच्या, निघून जायच्या. सायगावात असे पिंप जागोजागी दिसतात, लोक आपापल्या दारात ठेवतात. अगदी आपली पाणपोई! माझ्या ह्यांनी पहिल्या दिवशी जो चहा शोधला, तो त्या गाडीवर होता तर! ह्यांना दिसला नाही आणि मला इतके दिवस समजला नाही.

उरलेले दिवस मी रोज सकाळी तिच्याबरोबर पिंप भरायला बसले. पाणी उकळूनच घ्यायची, ते मला बरं वाटलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पिंप घासायला भाषा कशाला लागते? एकदा ती पक्षीवाली तिथे येऊन चहा पिऊन गेली. मी तिच्याकडे पाहून हात जोडले. 'सिन लोई' म्हणजे क्षमा करा, एवढं मला शिकवलेलं होतं. ते म्हटलं. तिला काय वाटलं असेल ठाऊक नाही. तिनेही हात जोडले. तिच्यावर माझा राग नव्हता, तिला मीच धंद्याला लावलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी एमने मला कारल्याचा रस्सा खायला घातला. कारल्याला त्यांच्याकडे 'खो क्वा' म्हणतात. खो म्हणजे दुःख, क्वा म्हणजे सरणं. टेटला हे मुद्दाम करतात, वर्षाचं दुःख सरून जावं म्हणून. आपण पाडव्याला कडुनिंब खातो तसंच की! पावणेसहाला सूर्य मावळतो तिथे, म्हणून तिने पाच वाजताच वाढून ठेवलं होतं. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी कधी जेवते ते ती पाहत होती.

परत आल्यावर मी त्या पक्षी आणून देणाऱ्याला फोन केला आणि यापुढे आणू नकोस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाकीचे घेतात की, काकू." म्हणूनच हे लिहिते आहे. मी कुणाला उपदेश करायला बसलेली नाही. ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांचा भाव चांगलाच असतो, माझ्या आईवडिलांचाही होता. फक्त एकदा हिशेब मांडून बघा. आपल्या एका सुटलेल्या पक्ष्यामागे वाटेत मेलेले किती? ते पैसे जखमी पक्ष्यांच्या दवाखान्याला देता येतील, संक्रांतीच्या मांज्याने कापलेल्यांना तर त्याची फार गरज असते. गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवता येईल.

यंदा आईच्या तिथीपासून आमच्या दारात माठ असेल. गाळलेलं पाणी, दोन पेले. सांगली-मिरज रस्त्यावर उन्हातान्हाचे जाणारे पुष्कळ असतात.

आणि त्या अकराव्या पक्ष्याला, व त्याच्या आधीच्या सगळ्यांना, उत्तम क्षमा.

तुमची,
थोरली ताई
(तिकडची ची हाय)